पठाण चांद्याहून आणिला

खाजणबेट बंदर
९ फेब्रुवारी १९५५

मनसाराम मेव्हण्यांना दामोदर नाखव्याचा नमस्कार आणि गोकुळेला आशीर्वाद.

श्रावण इतका लांब असताना याला आमची आठवण कशी झाली, असं तुम्ही म्हणाल. सात वर्षांपूर्वी गलबतासाठी साग घ्यायला तुमच्या मुलखात आलो आणि साग राहिला बाजूला, हिवताप घेऊन तुमच्या ओसरीवर बावीस दिवस पडलो. गोकुळेने पेज पाजून मला उभा केला, भाऊ मानला, आणि तेव्हापासून दर श्रावणात तिची राखी टपालाने येते. त्या नात्यावर भार टाकून एक काम सांगतो आहे.

आमचं बेट तुम्ही पाहिलेलं नाही. एके काळी इथे मस्कतची आणि मलबारची गलबतं लागत. जकातीची कचेरी होती, तिच्यात मी एकवीस वर्षं कारकुनी केली. आता धक्क्यापाशी गाळ साचला, आगबोट थांबायची बंद झाली आणि कचेरीला कुलूप लागलं. राहिला आहे तो नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ. सगळं बंदर धक्क्यावर उभं राहतं, आमच्या घरचा कर्ता पुरुष दर्याला नारळ देतो, आणि मगच होड्या पाण्यात उतरतात. सव्वादोनशे वर्षं हा मान आमच्या घराण्याचा आहे.

यंदा खालच्या आळीतल्या पोशा तांडेलाने तो मागितला. देवळाच्या पेटीत मोडी लिपीतला एक कागद आहे. त्यात एवढंच लिहिलं आहे: 'पठाण चांद्याहून आणिला. ज्याने आणिला त्याचे घरचा पहिला नारळ.' नाव कोणाचंच नाही. आमच्या घरची परंपरा अशी, की आमचा मूळपुरुष सिदोजी नाखवा पायी तुमच्या चांद्यापर्यंत गेला आणि पठाण घेऊन आला. पोशाचं घर म्हणतं, पठाण त्यांच्या पूर्वजाने खाडीपलीकडच्या डोंगरावरून आणला, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथून. आषाढात पंच बसतील. तोपर्यंत मला पुरावा हवा.

तुम्ही चांदा जिल्ह्यातले, सरकारी लाकूड डेपोत मुन्शी, चार जुनी माणसं तुमच्या ओळखीची. आमच्या पठाणाचा तिकडे काही माग लागतो का, एवढं पाहा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावलेला,
दामोदर नाखवा

*

अहेरी
४ मार्च १९५५

दामोदर मेव्हण्यांना मनसारामचा रामराम.

तुमचं काम डोक्यावर घेऊन पंधरा दिवस हिंडलो. डेपोतले लोक म्हणायला लागले, मुन्शीजी लाकडं सोडून माणसं मोजायला लागले काय.

आधी अहेरीत विचारलं. मग डेपोच्या कामानं चांद्याला जाणं झालं, तेव्हा किल्ल्याच्या आतल्या वस्तीत एका म्हाताऱ्या खानसाहेबांना गाठलं. वय ऐंशीच्या पुढे, पण बुद्धी अजून शाबूत. मी त्यांना सगळं सांगितलं, की तुमच्यातला एक पठाण सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका नाखव्याबरोबर समुद्राकडे गेला होता. त्यांनी मला चहा पाजला, विचार केला आणि म्हणाले की आमच्या घराण्यात घोडे विकणारे झाले, किल्ल्याचे पहारेकरी झाले, पण पाण्याला आमची सगळीच माणसं भितात. त्यांचे आजोबा तर पुरात नदी उतरायला नको म्हणून स्वतःच्या मुलाच्या सोयरिकीला गेले नव्हते. तरी जाणारा गेला असेल, खुदा जाने, असं म्हणून त्यांनी तुम्हाला सलाम सांगितला आहे. तो पोचवतो.

एक शंका मात्र मला आहे. पोशाचं म्हणणं खरं धरलं, तर डोंगरावर तीन गावांच्या शिवेवर तो पठाण एकटा काय करत बसला होता?

गोकुळेला हे सगळं ऐकून दोन दिवस कोडं पडलं होतं, की भाऊ तर नाखवा, मग त्याच्या घरचा मूळ माणूस पठाण कसा. शेवटी चुलीपाशी बसल्या बसल्या तिनं निकाल दिला. म्हणाली, "असन पठान. माहा भाऊ तापात बडबडत होता तो त मराठीतच बडबडत होता." तेव्हा तुमचं नातं शाबूत आहे, काळजी नसावी.

तुमचा,
मनसाराम

*

खाजणबेट
२१ मार्च १९५५

मेव्हणे,

तुमचं पत्र आलं तेव्हा माझा चष्मा दुरुस्तीला गेला होता. म्हणून ते बायकोने ओटीवर मोठ्याने वाचलं, आणि ओटीवर पोशाची बायको बसलेली होती. त्यानंतर आठ दिवस या बेटावर दुसरा विषय नाही. मला बघितलं की मच्छी सुकवणाऱ्या बायका एकमेकींना कोपर मारतात. परवा धक्क्यावर एकाने मला "सलाम, खानसाहेब" म्हटलं. हसू नका, तुम्ही हसत असणार हे मला इथून दिसतं आहे.

चूक माझीच. कारकुनीत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाने शब्द उलगडून लिहायला हवा होता. गलबताच्या तळाशी नाळेपासून वरामापर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, जे एकच अखंड लाकूड जातं त्याला आम्ही पठाण म्हणतो. तुमच्या पाठीला कणा, तसा गलबताला पठाण. आधी तो जमिनीवर धरायचा, त्याची पूजा करायची, मग बाकी सगळं त्याच्यावर उभं करायचं. बेटाचं पहिलं गलबत ज्या पठाणावर बांधलं, त्याच्यावरच हे बंदर उभं आहे, असं आम्ही मानतो. त्या गलबताचं नाव आमच्याकडे जन्मलेल्या प्रत्येक मुलीला पाळण्यात ऐकवतात.

तर मला माणूस नको, लाकूड हवं आहे. अन् खरं सांगायचं तर लाकूडही नको, कागद हवा. डेपोच्या शिक्क्यानिशी दोन ओळी द्या, की चांद्याचा साग पूर्वापार पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत गलबतांसाठी जात आलेला आहे. आमच्या पंचांना सरकारी शिक्का दिसला की पुढे काही विचारावंसं वाटत नाही. पोशाजवळ आजीच्या गोष्टीपलीकडे काही नाही.

खानसाहेबांना माझा उलट सलाम सांगा. ते एकटेच या प्रकरणात शहाण्यासारखे वागले.

दामोदर नाखवा

*

अहेरी
१४ एप्रिल १९५५

मेव्हणे, रामराम.

हसलो. नाही म्हणत नाही. गोकुळा तर पठाण म्हणजे लाकूड हे ऐकून हातातलं पीठ तसंच ठेवून हसत बसली. मी लाकडाच्या डेपोत अठरा वर्षं काढली आणि लाकूड शोधायला माणसांच्या घरी गेलो.

आता कामाचं. तुमच्या दोन ओळी लिहायला मी टाक उचलला होता. मग म्हटलं, ओंडका नेला कसा ते तरी पाहावं. मी ढिवराचा मुलगा, माझ्या बापाचं आयुष्य नदीवर डोंगा वल्हवण्यात आणि जाळं टाकण्यात गेलं, तेव्हा मला आधी पाणी दिसतं. आमच्याकडे जुन्या काळी सागाचे तराफे बांधत आणि पाण्यावर सोडून देत. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते, आणि गोदावरी जाते राजमहेंद्रीकडे, पूर्वेच्या समुद्राला. तुम्ही पश्चिमेच्या समुद्राला आहात. तुम्हा बेटावरच्या लोकांना वाटतं, जगातलं सगळं पाणी शेवटी तुमच्याच धक्क्याला येऊन लागतं. आमचं पाणी तुमच्याकडे पाठ करून जातं, मेव्हणे.

मग राहिली बैलगाडी. चाळीस हातांचा अखंड साग, मधे सगळा मुलूख, आणि शेवटी सह्याद्रीचा घाट. तुमच्या सिदोजी नाखव्याने तो घाट कसा उतरवला हे मला कोणी समजावून सांगितलं तर मी आज त्याला डेपोत नोकरीला लावतो.

म्हणून त्या दोन ओळी माझ्या हातून होत नाहीत. छापाचा हातोडा माझ्या ताब्यात असतो. ज्या लाकडावर तो पडतो ते लाकूड कुठून आलं हे मला माहीत असतं, म्हणून त्या छापाला अर्थ आहे. एरवी तो लोखंडाचा तुकडा.

गोकुळा माझ्यावर रागावली आहे. "दोन ओळीनं तुमचं काय जाते?" असं सकाळी म्हणाली आणि तेव्हापासून मला जेवण वाढते पण बोलत नाही. भाऊ म्हणजे तिची फार लाडकी वस्तू आहे.

मनसाराम

*

खाजणबेट
३ मे १९५५

श्री. मनसाराम मुन्शी यांस,

तुमच्या नद्यांचा भूगोल कळला. आभारी आहे.

हा मान म्हणजे मिरवायची हौस आहे, असा तुमचा समज झालेला दिसतो. म्हणून एकदाच लिहितो. माझे वडील वादळात गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. सुतक फिटून चार दिवस झाले होते आणि नारळी पौर्णिमा आली. ज्या पाण्याने बाप नेला त्या पाण्याला नारळ द्यायला मला धक्क्यावर उभं केलं. मी नाही म्हटलं असतं तर एकाही होडीने पाण्यात पाय टाकला नसता. मी दिला. त्यानंतर आजवर दर वर्षी दिला. हे काम मला येतं. कचेरी गेली, आगबोट गेली, मुलगा मुंबईला गिरणीत गेला, तो परत येणार नाही. पोशाकडे चार होड्या आहेत, त्यांतल्या एकीला यंत्र आहे. उद्या बंदर पुन्हा उभं राहिलं तर त्याच्या जिवावर राहील, माझ्या नाही. माझ्या घरात आता एवढं एकच उरलं आहे, की एका दिवशी सकाळी सगळं बेट माझ्या हाताकडे बघतं.

शिक्का मागितला ही माझी चूक झाली. पुन्हा मागणार नाही.

दा. नाखवा

*

अहेरी
१० जून १९५५

दामोदरभाऊले गोकुळेचा नमस्कार.

भाऊ, मी सांगून राह्यली अन् शेजारच्या शाळेतल्या प्रेमिलाबाई लिहून राह्यल्या. ह्यांले हे पत्र ठाऊक नाई. ते आज डेपोवर गेले आहेत.

तुमचं मागचं पत्र त्यायनं मले वाचून दाखवलं. अर्ध्यातच थांबले, मंग घडी करून कोनाड्यात ठेवलं. म्या म्हटलं उत्तर लिहा, त म्हणे लिहितो. महिना झाला, लिहिलं नाई. मले वाटलं रागावले असतील. पण तसं नोयतं. आठ दिवस झाले, डेपोच्या जागेची मोजणी होती, तिथून घरी आले त जेवलेच नाई. मी विचारलं काय झालं. म्हणे, "तुह्या भावाचा कागद मले समजला. न समजता त बरं झालं असतं." गोष्ट पोटात धरून बसले हायेत.

भाऊ, मी पयले म्हणत होती का दोन ओळी लिहून द्या, त्यात काय जाते. आता मी तसं म्हणत नाई. हा माणूस लाकूड मोजतानाही कधी बारीकचं मोठं सांगत नाई, अन् तुमच्यासाठी आता गप्प बसून राह्यला. त्यानं त्याची तब्येत बिघडून राह्यली. तुमीच विचारा. तुमी विचारलं त सांगतील. मले समजन का नाई ते ठाऊक नाई, पण जे काय हाये ते तुमचं हाये.

वैनीले नमस्कार. इथी पाणी अजून पडलं नाई.

तुमची बहीण गोकुळा

*

खाजणबेट
२२ जून १९५५

मेव्हणे,

मागच्या पत्रात मी तुम्हाला मुन्शी म्हटलं. ते मागे घेतो.

तुमच्याजवळ माझ्या कागदाचं काहीतरी आहे, असं मला कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नका, आणि घरात कोणावर ओरडू नका. पंच दिव्याच्या अवसेला बसणार. काय असेल ते लिहून पाठवा. सव्वादोनशे वर्षं न समजलेला कागद मी काखेत घेऊन पंचांपुढे जायला तयार आहे, पण दुसऱ्या कोणाला तो समजलेला आहे आणि मला नाही, हे मला सहन होणार नाही.

दामोदर

*

अहेरी
५ जुलै १९५५

मेव्हणे, रामराम.

कोणी सांगितलं हे विचारत नाही. प्रेमिलाबाईंचं अक्षर सुंदर आहे असं गोकुळा परवा उगीचच म्हणाली, तेवढ्यावरून समजलो.

झालं असं. डेपोच्या कुंपणाचा शेजारच्या शेतकऱ्याशी वाद होता. मोजणी समजावी म्हणून जुने पटवारी गुणवंतराव यांना बोलावलं. ते आले, खाटेवर बसले, नकाशा पाहिला आणि म्हणाले, "चांद्यावरून धरा, नाईतर जमणार नाई." मी म्हटलं, गुणवंतराव, चांदा इथून सत्तर मैल, तिथून साखळी आणायची कशी? म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. मग मला हाताला धरून शेताच्या कोपऱ्यात नेलं, काठीने गवत बाजूला केलं आणि खाली पुरलेला दगड दाखवला. तीन गावांच्या शिवा जिथे एकत्र मिळतात तिथे असा दगड पुरतात. मोजणी तिथून सुरू होते. त्या दगडाला चांदा म्हणतात. शब्द आजचा नाही, त्यांच्या पणजोबाच्या दप्तरातही तोच आहे.

मी चांदा जिल्ह्यात जन्मलो, इथेच केस पिकवले, तुमच्यासाठी चांद्याला जाऊन खानसाहेबांचा चहा पिऊन आलो, आणि चांदा माझ्या डेपोच्या कुंपणाला लागून गवतात पडलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा.

आता तुमचा कागद पुन्हा वाचा. पठाण चांद्याहून आणिला. आणि पोशाच्या आजीची गोष्ट आठवा, तीन गावांची शीव. मला पुढे लिहायला जड जातं, म्हणून लिहीत नाही.

खात्री करायची असेल तर एक खूण सांगतो, ती धंद्यातली आहे. साग तोडला म्हणून मरत नाही. बुंध्याच्या कडेने धुमारे फुटतात, त्यांतले तगतात ते झाडं होतात, आणि मधला बुंधा कुजून जातो. चाळीस हातांचा पठाण देणारं झाड तिथे उभं होतं असं असेल, तर त्या दगडाजवळ सागांचं गोल रिंगण असेल आणि मधे खळगा. रिंगण नसेल तर हे सगळं माझ्या डोक्यातलं खूळ समजा.

तुमच्या बेटावर चांदा म्हणजे आमचं शहर, असंच सगळे समजतात. पोशालाही दुसरं काही ठाऊक नाही. गुणवंतरावांना तुमचं बेट ठाऊक नाही. मी कोणाला सांगणार नाही. हे मी मेव्हणा म्हणून लिहितो. कागद तुमच्या पेटीतला आहे.

राखी सोबत आहे. यंदा गोकुळेने लाल दोऱ्याची स्वतः वळली.

मनसाराम

*

खाजणबेट
४ ऑगस्ट १९५५

मेव्हणे आणि गोकुळे,

काल पौर्णिमा झाली. सगळं क्रमाने लिहितो.

तुमचं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खाडी उतरून पलीकडे गेलो. पाऊस होता. वाटेत शेळ्या राखणारी एक म्हातारी भेटली, तिला चांदा कुठे आहे म्हणून विचारलं. तिने जराही विचार न करता वर बोट दाखवलं. लहानपणापासून मी तो डोंगर आमच्या ओटीवरून बघतो आहे. त्याच्यावर कधी गेलो नव्हतो. आम्ही दर्याकडे तोंड करून बसणारी माणसं.

दगड कलला आहे, शेवाळाने भरला आहे, पण आहे. त्याच्यापासून दहा पावलांवर सात साग गोल उभे आहेत. मधे खळगा, त्यात नेचे वाढलेले. मी मधे उतरून दोन्ही हात पसरले, तरी कडेच्या झाडांना माझी बोटं लागली नाहीत. एवढा त्याचा बुंधा होता. पुष्कळ वेळ तिथेच बसलो. फार सुंदर झाड असलं पाहिजे, असं मनात आलं, आणि मग बाकीचं मनात आलं.

खोटं लिहीत नाही, दोन दिवस मी गप्प राहिलो. कागद पेटीत, पेटीची किल्ली माझ्याकडे, आणि अर्थ तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. जकातीच्या कचेरीत मी एकवीस वर्षं माल कुठून आला ते लिहून घेत असे. खोटं मूळ सांगणाऱ्या किती नाखव्यांचा माल मी धक्क्यावरून परत पाठवला, ते मला आठवत राहिलं. अवसेला पंच बसले तेव्हा तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. पठाण मी धरून बसलो होतो आणि चांदा माझ्या तोंडासमोर होता, असं मी म्हटलं. कोणी हसलं नाही. मान पंचांनी पोशाच्या घराला दिला. मला वाटलं होतं पोशा उड्या मारील. तो खाली मान घालून जमिनीवर काडीने रेघा ओढत बसला.

काल सकाळी मी धक्क्यावर जाणार नव्हतो. बायको म्हणाली, घरात बसलात तर लोक म्हणतील रुसला. म्हणून गेलो आणि मागे उभा राहिलो. भरती भरत आली. पोशा नारळ घेऊन शेवटच्या पायरीवर उतरला आणि तिथेच थांबला. पाणी चढून त्याच्या घोट्याला लागलं तरी हलेना. मग वळला, माणसांत मला शोधलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दामूदादा, नारल कसा धरू? माना कोनी दाखवला नाय."

मी खाली उतरलो. नारळ फेकायचा नसतो, दोन्ही तळहातांवर घेऊन पाण्याला टेकवायचा असतो, पाण्याने आपणहून उचलला की हात काढायचे, हे त्याला सांगितलं. त्याने तसं केलं. नारळ गेला. मी त्याला हात लावला नाही. पोशाने हात लावा म्हणून आग्रह केला होता, पण मान एकाचा असतो, तो वाटला की कोणाचाच राहत नाही.

मला वाईट वाटलं. अजून वाटतं. हे पत्रात लिहायला लाज वाटत नाही, म्हणून लिहितो.

आता एक. मी दर वर्षी आमच्या परसातल्या जुन्या माडाचा नारळ उतरवून, शेंडी ठेवून सोलून, आठ दिवस आधी देवापुढे ठेवतो. यंदाही ठेवला होता, सवयीने. काल परत आल्यावर तो तिथेच होता. तो दर्याला द्यायचा अधिकार आता मला नाही, आणि फोडून कालवणात घालायला मन होत नाही. आजच तो वेगळ्या पार्सलने गोकुळेकडे पाठवतो आहे. तुमचं पाणी आमच्याकडे पाठ करून जातं असं तुम्ही लिहिलं होतं. त्या पाण्यात तो सोडा. सोडायची रीत वर लिहिली आहे.

राखी हातावर आहे.

दामोदर

*

अहेरी
२७ ऑगस्ट १९५५

मेव्हणे, रामराम.

नाल्यांना पूर होता, रस्ता बंद होता. त्यातून तुमचं पार्सल आधी आलं आणि पत्र आठ दिवसांनी. मधले आठ दिवस तुमचा नारळ तांदळाच्या कोठीत होता. शेजारणी म्हणाल्या, फोड, चटणी कर. गोकुळा म्हणाली, भावाच्या घरचा आहे, त्याचं पत्र आल्याबिगर हात लावायचा नाही. मी पण एकदा चटणीचा विषय काढला होता, तेव्हा मला जे ऐकावं लागलं ते लिहीत नाही.

काल प्राणहितेवर गेलो. पूर ओसरला आहे, पण पाणी अजून गढूळ आणि पात्रभर. घाटावर ढिवरांची दहा-बारा घरं आहेत. त्यांच्यातला लच्छू सगळ्यांत म्हातारा, माझ्या बापाबरोबरचा. त्याने डोंगा काढला आणि आम्हाला धारेच्या कडेपर्यंत नेलं. बाकीचे काठावर उभे राहिले. मुन्शीची बायको नारळ घेऊन पाण्यात काय करते, हे त्यांना बघायचं होतं.

गोकुळेने तुमच्या रीतीने केलं. दोन्ही तळहातांवर नारळ घेतला, वाकली, पाण्याला टेकवला आणि वाट पाहिली. डोंगा डुलत होता. धारेने नारळ उचलला तेव्हा तिने हात काढले. तो एकदा बुडाला, वर आला आणि सिरोंच्याच्या दिशेने चालू लागला. शेंडी बराच वेळ दिसत होती. मी टोपी काढून हातात धरली होती, ती घालायची राहून गेली.

लच्छूने वल्हं आडवं धरून विचारलं, की हा कोणाचा नारळ. मी सांगितलं, हिच्या भावाचा, समुद्रावरचे नाखवे आहेत ते. तो नारळ दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "नदीले आमी कोंबडा देतो, लिंबू देतो. नारळ कोनी देला नाई. हा पयलाच."

गोकुळेने ते ऐकलं. घाट चढून वर आल्यावर मला थांबवलं आणि म्हणाली, "भाऊले लिहा. बाकी काई लिहू नका. पयला होता, इतकंच लिहा."

मी बाकीचंही लिहिलं आहे. पण मेव्हणे, तो पहिला होता.

मनसाराम